विश्लेषण : पीएचडीनंतर नऊ वर्षांनी मिळाले संशोधनाचे पद! इरावती कर्वे यांना कुठे, कशी साथ मिळाली?

कर्वेनगर म्हटले की महर्षी धोंडो केशव कर्वे आठवतात. त्यांच्या सूनबाई, मानवशास्त्रज्ञ डॉ. इरावती कर्वे यांची वाटचाल मात्र आजच्या पीएचडीच्या विद्यार्थ्यांना अधिक ओळखीची वाटेल. संशोधनवृत्ती, परदेशातील शिक्षणाचा खर्च, मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध जाणारा निष्कर्ष आणि पदवीनंतरची वेगळीच नोकरी, हे सारे त्यांच्याही वाट्याला आले होते.

इरावती कर्वे कोण होत्या?

इरावती यांचा जन्म 15 डिसेंबर 1905 रोजी ब्रह्मदेशात झाला. त्यांचे वडील गणेश हरी करमरकर तेथे नोकरीला होते. तिथल्या इरावती नदीवरून मुलीचे नाव ठेवले गेले. सातव्या वर्षी त्यांना पुण्यात हुजूरपागेत शिकायला पाठवण्यात आले. तेथे शकुंतला परांजपे यांच्याशी मैत्री झाली आणि पुढे रँग्लर र. पु. परांजपे यांच्या घरातच त्या वाढल्या. 1926 मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयातून तत्त्वज्ञान विषयात त्या बीए झाल्या. रसायनशास्त्राचे अध्यापक दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

संशोधनाची सुरुवात कशी झाली?

पेशवाईतील दक्षिणेच्या परंपरेतून पुढे आलेली दक्षिणा फेलोशिप त्यांना मिळाली. त्या आधारावर मुंबई विद्यापीठात डॉ. गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी चित्पावन समाजावर प्रबंध लिहिला आणि 1928 मध्ये एमए पूर्ण केले. म्हणजेच आर्थिक मदत आणि मार्गदर्शक या दोन्ही गोष्टी त्यांना वेळेवर मिळाल्या.

बर्लिनला जाण्याचा खर्च कोणी केला?

पीएचडीसाठी जर्मनीला जायचे ठरले, तेव्हा घरातूनच विरोध झाला. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या महर्षींना सुनेचा हा बेत पसंत नव्हता. दिनकर कर्वे मात्र पत्नीच्या पाठीशी उभे राहिले. पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झालेले डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घेऊन प्रवासाची सोय झाली.

मार्गदर्शकाशी मतभेद कशावरून?

बर्लिनमध्ये त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. वंशश्रेष्ठत्वाचा पुरस्कार करणाऱ्या फिशर यांच्या मांडणीचा पुढे नाझींनी आधार घेतला. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतील फरकाचा संबंध वंशाशी आणि बुद्धीशी आहे, असे त्यांचे गृहीतक होते. इरावती यांनी कवट्यांची मोजमापे घेतली. वंश आणि हा फरक यांचा संबंध त्यांना आढळला नाही आणि प्रबंधात त्यांनी तसेच नोंदवले. परक्या देशात, कर्जाच्या पैशांवर शिकणाऱ्या विद्यार्थिनीने मार्गदर्शकाच्या गृहीतकाविरुद्ध निष्कर्ष मांडणे ही मोठी जोखीम होती. 1930 मध्ये त्या पदवी घेऊन परतल्या.

पीएचडीनंतर काय झाले?

येथे कर्वेनगरचा, म्हणजे तेव्हाच्या हिंगण्याचा संबंध येतो. महर्षींनी 1916 मध्ये हिंगण्यात महिला विद्यापीठ सुरू केले. तेच पुढे एसएनडीटी या नावाने ओळखले जाऊ लागले. 1931 ते 1936 या काळात इरावती तेथे कुलसचिव होत्या. काम जबाबदारीचे, पण प्रशासनाचे. संशोधनासाठी प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तीची उमेदीची वर्षे त्यात गेली.

पुण्यातील डेक्कन कॉलेज 1934 मध्ये बंद पडले होते. 1939 मध्ये ते पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झाले. तेथे समाजशास्त्राच्या प्रपाठक म्हणून त्यांची नेमणूक झाली. पदवी आणि हे पद यांत नऊ वर्षांचे अंतर होते.

पद मिळाल्यावर काय बदलले?

स्थिर पदामुळे दीर्घ पल्ल्याचे काम शक्य झाले. पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांच्यासोबत गुजरातमधील लांघणज येथील उत्खननात त्या सहभागी झाल्या. 1947 मध्ये भारतीय विज्ञान परिषदेच्या मानवशास्त्र विभागाचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. 1951-52 मध्ये त्या लंडनमध्ये अध्यापनासाठी होत्या. भारतातील नातेसंबंधांच्या रचनेवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ 1953 मध्ये प्रसिद्ध झाला. ‘युगान्त’ला 1968 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शरीरमापनावर आधारलेल्या त्यांच्या काही पद्धती आज कालबाह्य मानल्या जातात. मात्र त्यांनी गोळा केलेली माहिती आणि विचारलेले प्रश्न अभ्यासकांच्या उपयोगी पडतात.

पुढच्या संशोधकांसाठी त्यांनी काय केले?

पुणे विद्यापीठातील मानवशास्त्र विभागाची सुरुवात त्यांनी केली. तरुण सहकाऱ्यांची नावे त्यांच्या प्रकाशनांवर बरोबरीने दिसतात. य. भा. दामले यांच्यासोबत गावातील समूहसंबंधांवर, तर कैलाश मल्होत्रा यांच्यासोबत समान दर्जाच्या आठ जातगटांच्या जैविक तुलनेवर त्यांनी लिहिले. 1969 मध्ये कोयना धरणग्रस्तांची पाहणी जाई निंबकर यांच्या सोबतीने प्रसिद्ध झाली. 11 ऑगस्ट 1970 रोजी इरावती यांचे निधन झाले.

आज या वाटचालीचे महत्त्व काय?

2023 पासून यूजीसीची ज्युनिअर रिसर्च फेलोशिप दरमहा 37 हजार रुपये आहे. ज्युनिअर आणि सीनिअर मिळून ती कमाल पाच वर्षे मिळते. पाच वर्षांनंतरचा प्रश्न मात्र कायम राहतो. इरावती यांना मदत मिळाली ती बरीचशी ओळखीतून. परांजप्यांचे घर, पतीचा पाठिंबा, परिचितांकडून कर्ज. असे घर आणि अशा ओळखी प्रत्येकाकडे नसतात. तरीही पदवीनंतरची त्यांची वर्षे संशोधनाबाहेर गेलीच. ही पोकळी भरायची, तर पीएचडीनंतरची फेलोशिप, क्षेत्रकार्याचा खर्च, प्रकाशनात योग्य श्रेय आणि भरलेली पदे यांची जबाबदारी विद्यापीठांनाच घ्यावी लागेल.