हेमाद्री पंडित : चरित्र आणि देवळांना चिकटलेले नाव

महाराष्ट्रातील कोणत्याही जुन्या, चुन्याविना रचलेल्या दगडी देवळास हेमाडपंती म्हणण्याची प्रथा इतकी रूढ झाली आहे की, ज्या पुरुषावरून हे विशेषण आले त्याचे चरित्र त्याखाली झाकले गेले आहे.

हेमाद्री हा वत्सगोत्री ब्राह्मण. वामनाचा पणतू, वासुदेवाचा नातू, कामदेवाचा पुत्र. देवगिरीच्या महादेव यादवाच्या पदरी तो श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या दफ्तराचा मुख्य अधिकारी होता. सुमारे १२७१ मध्ये महादेवपुत्र आमण यास दूर सारून रामचंद्राने गादी घेतली. अशा सत्तापालटात मागील राजाचे मंत्री सहसा टिकत नाहीत, हेमाद्री टिकला. १२७२ च्या ठाणे ताम्रपटात त्याच्या अधिकाराबरोबरच झाडीमंडळावरील विजयाचाही उल्लेख आहे. लेखणी आणि तलवार दोन्ही त्याच्या हाती होत्या असे दिसते.

त्याची खरी कीर्ती मात्र ग्रंथांवर उभी आहे. व्रत, दान, तीर्थ, मोक्ष आणि परिशेष अशा खंडांत योजलेला चतुर्वर्गचिंतामणी हा धर्मशास्त्रीय वचनांचा प्रचंड संग्रह होय. व्रतखंडाच्या आरंभीची राजप्रशस्ती यादवांच्या वंशावळीचे महत्त्वाचे साधन असून, १८८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दख्खनच्या इतिहासात रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी तिचा उपयोग केला. अष्टांगहृदयावरील आयुर्वेदरसायन ही टीका त्याची. बोपदेवाने मुक्ताफल रचले तेही त्याच्याच आश्रयाने.

आता देवळांकडे वळू. अंबरनाथच्या मंदिरातील लेख शके ९८२ चा, म्हणजे १०६० चा आहे आणि तो शिलाहार मांवाणी याचा आहे. हेमाद्री अधिकारपदी येण्यास तेव्हा दोनशे वर्षे अवकाश होता. चाळीसगावजवळच्या पाटण येथील महेश्वर मंदिराचा लेख ११५३ चा, निकुंभ घराण्याचा. सिन्नरचे गोंदेश्वर हेही बाराव्या शतकातले मानले जाते. अंबरनाथ आणि सिन्नर येथील शिखररचनेला शिल्पशास्त्रात भूमिज असे नाव आहे : चारी दिशांना वर चढत जाणाऱ्या उभ्या लता आणि त्यांच्या मधल्या भागांत ओळीने मांडलेली लहान शिखरे. माळव्यातील उदयपूरचे, परमार उदयादित्याचे उदयेश्वर मंदिर (अकरावे शतक) याच कुळातले. सांध्यांत चुना न घालता घडीव दगड बसवण्याचे तंत्रही हेमाद्रीहून कितीतरी जुने आहे. ज्यांनी ही देवळे बांधविली त्या शिलाहार आणि निकुंभ राजांचे, तसेच ज्यांनी ती घडविली त्या स्थपतींचे श्रेय एका मंत्र्याच्या नावे जमा झाले, हे इतिहासदृष्ट्या अन्यायाचे आहे. आणि पाठ्यपुस्तकांतून तो अन्याय पिढ्यानपिढ्या चालू राहिला, हे अधिक खेदाचे.

लोकपरंपरेने त्याच्या पदरात आणखीही बरेच टाकले : लंकेहून बाजरी आणली, मोडी लिपी आणली. महानुभाव परंपरेने त्याला चक्रधरांचा वैरी ठरविले. एकाच पुरुषाविषयी इतकी आदरयुक्त आणि इतकी कटू स्मृती शेजारी नांदावी, यावरून त्याच्या सत्तेचा पल्ला ध्यानी येतो.

मंदिरकलेशी त्याचा खरा संबंध निराळ्याच ठिकाणी आहे. व्रतखंडात देवतांच्या मूर्तिलक्षणांची वचने त्याने पुराणांतून एकत्र केली आणि मूर्तिशास्त्राचे अभ्यासक आजही त्यांचा आधार घेतात. शिवाय पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरातील, १२७३ पासून कोरल्या गेलेल्या चौऱ्याऐंशीच्या लेखात त्याचे नाव आहे. तेथे तो देऊळ बांधणारा म्हणून नाही, इतर दात्यांच्या ओळीत उभा आहे.