हवेचा दाब आणि केरूनाना छत्रे

हवेलाही वजन असते बरं का! त्या वजनाचा दाब पाऱ्याच्या नळीने मोजता येतो.

केरो लक्ष्मण छत्रे यांचा जन्म अलिबागजवळ नागावला झाला. सोळाव्या वर्षीच ते मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत नोकरीला लागले. तिथे रात्रंदिवस ठरल्या वेळी पारा बघून नोंद होई. एक वेळ चुकली की ती नोंद कायमची गेली!

अशा नोंदींवरूनच कळले, की दाब दिवसात दोनदा चढतो, दोनदा उतरतो. एकदम घसरला, तर वादळाची खूण. आपल्या पन्हाळ्यावर तो कोल्हापूरपेक्षा कमी, कारण डोक्यावर हवा कमी.

पुढे नाना पुण्यात प्राध्यापक झाले. लोकमान्य टिळक त्यांचेच विद्यार्थी. १८८४ साली नाना वारले.

आपणही फळ्यावरचे हवामान रोज न चुकता लिहूया.