कै. बालगंधर्व : वैभव आणि उत्तरायुष्य

धामापूरचा तलाव ज्याने पाहिला नाही असा मनुष्य आपल्या मंडळात विरळाच. श्रीभगवतीच्या देवळालगत पसरलेले ते पाणी दोन डोंगरांमध्ये घातलेल्या बांधामुळे टिकले आहे. सन १५३० मध्ये नागेश देसाई यांनी ग्रामस्थांच्या साहाय्याने तो बांध घातला, आणि २०२० मध्ये या तलावाला जागतिक सिंचन-वारशाचा मान मिळाला. कोकणावर पर्जन्याची कृपा उदंड आहे. परंतु जेथे बांध नाही तेथे शिमगा सरताच विहिरीचा तळ दिसू लागतो. कलावंताच्या कीर्तीची गतीही अशीच असते. ज्यांच्या गळ्यावर एके काळी अवघा महाराष्ट्र लुब्ध झाला होता, त्या कै. नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व यांचे चरित्र या दृष्टीने मननीय आहे. नारायणराव ना आपल्या गावचे, ना आपल्या ज्ञातीचे. तथापि जत्रेच्या रात्री दशावतारात पुरुषाने सजविलेली राणी पाहत वाढलेल्या आपणां लोकांना त्यांची कला परकी वाटण्याचे कारण नाही.

नारायणरावांचा जन्म २६ जून १८८८ रोजी झाला. बालपणीच त्यांचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यांना बालगंधर्व ही पदवी दिली, असे परंपरेने सांगितले जाते. कानाच्या विकाराने ते त्रस्त असता कोल्हापूरचे राजर्षी शाहू छत्रपती यांनी मिरजेस त्यांच्या उपचारांची व्यवस्था केली आणि तेथेच १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत त्यांचा प्रवेश झाला. गायनाचार्य भास्करबुवा बखले यांच्यासारखा गुरू लाभल्याने मूळच्या मधुर गळ्यास विद्येची जोड मिळाली.

१२ मार्च १९११ रोजी मुंबईत खाडिलकरांच्या ‘मानापमान’ नाटकाचा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी नारायणरावांची तान्ही कन्या निवर्तली. प्रेक्षकांचा विरस होऊ नये म्हणून त्यांनी दुःख गिळले आणि रात्री भामिनी म्हणून ते रंगभूमीवर उभे राहिले. रसिकांना मायबाप मानणाऱ्या या नटाने त्या मायबापांसाठी काय काय दिले याचा हिशेब येथूनच सुरू होतो.

१९१३ मध्ये गणेशराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापिली. १९१६ मधील ‘स्वयंवर’ नाटकातील रुक्मिणी आणि १९१९ मधील ‘एकच प्याला’ नाटकातील सिंधू या भूमिकांनी त्यांची कीर्ती शिगेला पोहोचली. त्यांच्या नेसण्याची, केशरचनेची आणि अलंकारांची छाप घरंदाज स्त्रियांच्या राहणीवर पडली. त्यांच्या गाण्याच्या तबकड्या घरोघर वाजू लागल्या. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसले यांच्यासमवेत त्यांनी केलेला संयुक्त ‘मानापमान’चा प्रयोग तर दंतकथाच होऊन बसला आहे.

परंतु या वैभवाच्या ऐन भरात कर्जाचा भुंगा लागला होता. रंगभूमीवर खोटे काही दिसू नये हा नारायणरावांचा हट्ट. भरजरी शालू, उंची गालिचे, अत्तरे आणि थिरकवाँसाहेबांसारखा थोर तबलावादक यांवर पैसा खर्चताना त्यांनी हात आखडला नाही. १९२१ नंतर मंडळीचा सारा भार एकट्याच्या शिरी आला आणि कर्जाचा डोंगर उभा राहिला. नाटकांच्या उत्पन्नातून त्यांनी ते ऋण फेडलेही. मात्र व्यवहाराची शिस्त काही अंगी बाणली नाही. दोष त्यांचा होता, हे प्रांजळपणे म्हटले पाहिजे. मात्र त्या उधळेपणाचा आनंद लुटणारे आपणच होतो, हेही तितक्याच प्रांजळपणे कबूल करावयास हवे.

पुढे बोलपट आला आणि नाटकगृहे ओस पडू लागली. गंधर्व मंडळीचा व्याप आवरता घेऊन नारायणराव ‘प्रभात’मध्ये गेले आणि १९३५ च्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात त्यांनी संत एकनाथांची भूमिका केली. समोर रसिक नाहीत, दाद देणारा नाही, अशा यंत्रापुढे गाणे त्यांना मानवले नाही. ते पुन्हा रंगभूमीकडे वळले. पण वय पन्नाशीकडे झुकले होते आणि देह स्थूल झाला होता. १९३८ मध्ये गोहर कर्नाटकी मंडळीत आल्या. १९४० मध्ये पत्नी लक्ष्मीबाई वारल्या, आणि १९५१ मध्ये नारायणरावांनी गोहरबाईंशी विवाह केला. या संबंधामुळे अनेक जुने स्नेही दुरावले. लोकांनी त्या बाईंना पुष्कळ दूषणे दिली; तथापि पायांतील शक्ती गेल्यावर पंगू झालेल्या नारायणरावांची शुश्रूषा त्यांनीच केली, हे विसरणे कृतघ्नपणाचे ठरेल.

ज्याने शालू नेसून रुक्मिणी सजविली, त्याच्या वाट्याला सिंधूचे दारिद्र्य आले. उतारवयात भजनांचे कार्यक्रम करून ते उदरनिर्वाह करीत. सन्मान झाले नाहीत असे नाही : १९५५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि १९६४ मध्ये पद्मभूषण. पण पद्मभूषणाच्या त्याच वर्षी गोहरबाईही गेल्या. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात नारायणरावांनी देह ठेवला. ज्या रंगमंदिराची कोनशिला १९६२ मध्ये त्यांच्याच हस्ते बसविण्यात आली होती, ते बालगंधर्व रंगमंदिर २६ जून १९६८ रोजी, म्हणजे त्यांच्या निधनानंतरच्या पहिल्या जयंतीदिनी, खुले झाले. वास्तू उभी राहिली तेव्हा गंधर्व नव्हता.

ज्ञातिबंधुभगिनींनी या चरित्रातून काय घ्यावे? कलावंतावर टाळ्यांचा पाऊस पडतो तो चार महिन्यांचा; उरलेल्या आठ महिन्यांसाठी बांध घालणे हे एकट्याचे काम नव्हे. नागेश देसाईंनाही ग्रामस्थांचे हात लागलेच होते. महाराष्ट्र शासनाची वृद्ध साहित्यिक व कलावंतांसाठी मानधन योजना आहे आणि तिला आज राजर्षी शाहू महाराजांचेच नाव आहे. बालनटाच्या कानाची चिंता वाहणाऱ्या राजाचे नाव वृद्ध कलावंतांच्या योजनेस लाभावे, हे यथोचितच झाले. पण आपल्या वाडीत एके काळी राणी होऊन रात्र जागविणारा जो वृद्ध दशावतारी आज खळ्यात एकटा बसला आहे, त्याला अर्ज कोण भरून देणार? आपली संस्था दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करते, ते योग्यच आहे. त्याच अंदाजपत्रकात अशा वृद्धांच्या औषधपाण्यासाठी एक रकाना घालावा आणि चार तरुणांनी त्यांच्या दारी जाऊन कागदपत्रांचे काम पाहावे, एवढीच नम्र सूचना आहे. मृत्यूनंतर शोकसभा भरविण्याहून ते काम कमी खर्चाचे आहे, आणि अधिक पुण्याचेही.