‘मुलुखमैदान’ तोफ ओतणारा तुर्की सेनानी रुमी खान कोण होता? परांड्याशी या तोफेचे नाते काय?

सभा गाजवणाऱ्या वक्त्याला मराठीत ‘मुलुखमैदान तोफ’ म्हणतात. ही तोफ विजापूरची म्हणून प्रसिद्ध आहे. मात्र ती घडली अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) आणि पुढे राहिली धाराशिव जिल्ह्यातील परांडा किल्ल्यात. ती ओतणारा होता तुर्की तोफखानाप्रमुख रुमी खान.

‘रुमी’ म्हणजे काय?

तुर्कस्तानच्या उस्मानी मुलखाला तेव्हा ‘रूम’ म्हणत. तिथले तोफतज्ज्ञ त्या काळी नावाजलेले होते. गुजरातपासून दख्खनपर्यंतचे सुलतान त्यांना चाकरीला ठेवत. ‘रुमी खान’ ही पदवी त्यामुळे अनेकांना मिळाली. अहमदनगरच्या रुमी खानाचे मूळ नाव मुहम्मद बिन हसन. तोफेवरील लेखात ते कोरलेले आहे.

तोफ किती मोठी?

१५४९ मध्ये, पहिल्या बुऱ्हाण निजामशहाच्या काळात ती ओतली गेली. लांबी १४ फूट ४ इंच, नळीचा व्यास २ फूट ४ इंच, वजन सुमारे ५५ टन. धातू तांबे आणि कथिलाचा, म्हणजे घंटेसाठी वापरतात तसा. तोंडाशी जबडा उघडलेला सिंह आणि त्याच्या दातांत हत्ती. अहमदनगरची मक्का मशीदही रुमी खानानेच बांधली, अशी नोंद ब्रिटिशकालीन गॅझेटियरमध्ये आहे.

तालिकोटच्या लढाईत काय घडले?

२३ जानेवारी १५६५. एका बाजूला विजयनगरचा रामराय, दुसऱ्या बाजूला दख्खनचे सुलतान. मध्यभागी हुसेन निजामशहाची फौज होती आणि तिचा तोफखाना रुमी खानाकडे होता. इतिहासकार फरिश्ता सांगतो, की त्याने ६०० तोफा तीन रांगांत लावल्या. पुढे परदेशी तिरंदाज उभे करून त्या झाकल्या. शत्रू टप्प्यात येताच तिरंदाज बाजूला झाले. विजयनगरची फौज पुन्हा चालून आली तेव्हा गोळ्यांऐवजी तांब्याच्या नाण्यांच्या थैल्या भरून बार काढले गेले. त्यात सुमारे ५,००० माणसे पडली. पकडलेल्या रामरायाला आधी रुमी खानापुढे आणले गेले. त्याने त्याला निजामशहाकडे नेले आणि तिथे रामरायाचा शिरच्छेद झाला.

परांड्याचा संबंध कसा?

१६०० मध्ये अहमदनगर मोगलांच्या हाती गेले आणि परांडा काही काळ निजामशाहीची राजधानी झाला. तोफही परांडा किल्ल्यात होती. १६३२ मध्ये आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने ती भीमेपलीकडे विजापूरला नेली. त्यासाठी १० हत्ती आणि ४०० बैल लागले, असे सांगितले जाते. विजापूर जिंकल्यावर औरंगजेबाने तोफेवर स्वतःच्या विजयाचा लेख कोरवला. १८५४ मध्ये इंग्रज अधिकाऱ्यांनी ती लिलावात काढली. बोली आली फक्त १५० रुपयांची! अखेर विक्री रद्द झाली.

आज काय उरले?

रुमी खानाने ज्या निजामशाहीसाठी तोफ ओतली, ती १६३६ मध्ये संपली. तोफ मात्र अनेक सत्तांच्या हातांतून गेली आणि आज विजापूरच्या बुरुजावर आहे. धनी बदलले, लेख वाढले, तरी ओतणाऱ्याचे नाव कोणी पुसले नाही. परांड्याच्या तटावर आजही जुन्या तोफा दिसतात. तिथे जाणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की मराठीला हा शब्द देणारी तोफ कधीकाळी याच किल्ल्यात होती.