नारायण मेघाजी लोखंडे व ऐक्याचा पाया

भिवंडीनजीक दापोडे येथे आज मालाची मोठमोठी गोदामे उभी असून नाना प्रांतांचे व नाना धर्मांचे मजूर तेथे ओझी वाहून पोट भरतात. ज्या भिवंडीने १९७० व १९८४ साली दंग्यांचा वणवा सोसला, तिच्या वेशीवर हे दृश्य पाहून कोणाही विचारी माणसास समाधानच वाटेल. परंतु एका छपराखाली राबल्याने माणसे एक होतातच असे नाही. ती कशाने होतात, हे ठाण्यासच जन्मलेल्या एका थोर पुरुषाच्या चरित्रावरून कळण्याजोगे आहे.

नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ सालचा. मुंबईच्या एका कापडगिरणीत कारकुनी करीत असता मजुरांचे हाल त्यांच्या नित्य दृष्टीस पडत. उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम, आणि आठवड्यातून विसाव्याचा एकही दिवस नाही! जोतीराव फुल्यांच्या या अनुयायाने १८८० पासून मुंबईत ‘दीनबंधु’ पत्र चालविले, व १८८४ साली गिरणीकामगारांच्या सभा भरवून त्यांचा संघ उभारला. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या मंडळीने रविवारची सुटी मान्य केली. ही सुटी कोणा एका जातीस मिळाली नव्हती. हिंदूच्या घरी जो विसावा आला तोच मुसलमानाच्याही घरी आला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

पुढे ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत हिंदु-मुसलमानांचा भयंकर दंगा उसळला. त्यात गिरणीकामगारही सामील झाले होते, हे झाकण्यात अर्थ नाही. नऊ वर्षांची मेहनत मातीस मिळाली असे म्हणून दुसरा कोणी स्वस्थ बसला असता. लोखंडे बसले नाहीत. त्यांनी राणीच्या बागेत सर्व धर्मांच्या कामगारांची ऐक्यपरिषद भरविली. ज्याने आपल्या पोटाचे गाऱ्हाणे मालकांपुढे मांडले, त्याचा शब्द मजुरांस परका वाटला नाही. १८९५ साली त्यांस रावबहादूर ही पदवी मिळाली. आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी, प्लेगग्रस्तांची सेवा करीत असता, त्याच रोगाने त्यांचा अंत झाला.

कोणी म्हणेल, मग दंगा टळला कोठे? आमचे उत्तर असे की, दंगा टळला नाही तरी दंग्यानंतर दोहोंस एकत्र बोलावू शकेल असा माणूस शहरात होता, आणि असा माणूस एका रात्रीत निर्माण होत नसतो. आमच्याकडे मात्र शांततेच्या सभा आठवतात त्या घरे जळाल्यावर. तहान लागल्यावर विहीर खणण्याचाच हा प्रकार होय!

म्हणून व्यापारी बंधूंस आमची विनंती आहे की, गोदामातील मजुरास जात, धर्म व प्रांत न पाहता सारखी मजुरी, सारखी सुटी व गाऱ्हाणे मांडण्यास सारखी जागा द्यावी. ज्या व्यवस्थेत आपला वाटा आहे, ती जाळावयास मनुष्य सहसा धजत नाही. आणि ज्याचा वाटा आपणच नाकारला, त्यास ऐक्याचा उपदेश करण्याचा अधिकार आपणांस उरत नाही.