अवघड कामाला पहिला मान

जयंती मंडळाच्या बैठका आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. मिरवणुकीचा मार्ग, मंडप, लाऊडस्पीकर, कमानीवरची नावे यांवर दोन-दोन तास चर्चा रंगते. वस्तीतल्या अभ्यासिकेचा विषय सर्वांत शेवटी निघतो. तोवर रात्रीचे अकरा वाजलेले असतात आणि विषय पुढच्या बैठकीवर जातो. पुढच्या बैठकीतही त्याचा क्रमांक शेवटचाच! यात कुणाचा हेतू वाईट नसतो. सोपे काम लगेच उरकते आणि केल्याचे समाधान देते. अवघड कामाला उद्याचा वायदा मिळतो. आम्हीही या सवयीतून सुटलेलो नाही. पण ज्यांच्या जयंतीसाठी ही बैठक भरते, त्या बाबासाहेबांनी आपल्या कामांचा क्रम कसा लावला होता, हे आपण कधी तपासले आहे काय?

सुरुवात परळच्या चाळीतल्या एका खोलीपासून करावी लागेल. खोली एकच, माणसे अनेक, त्यात चूल, जाते आणि सरपण. दिवसा तिथे अभ्यास होणे शक्य नव्हते. सुभेदार रामजींनी त्यावर तोड काढली. भीमरावाला लवकर झोपवायचे, स्वतः रात्री दोनपर्यंत जागायचे आणि मग मुलाला उठवून अभ्यासाला बसवायचे. सारी चाळ झोपलेली असताना हा मुलगा मिणमिणत्या दिव्याजवळ पुस्तक उघडी. दिवसाचे सर्वांत कठीण काम दिवस उजाडण्यापूर्वीच सुरू होई. १९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले. त्या यशात बापाच्या जागरणाचा वाटा मोठा आहे.

पुढे बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आणि १९१६ मध्ये लंडनला गेले. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. वेगळ्या जहाजाने पाठवलेली पुस्तके महायुद्धात समुद्राच्या तळाशी गेली. पदव्या होत्या, मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात १९१८ मध्ये प्राध्यापकाची नोकरीही मिळाली. आणखी कुणी असता तर तिथेच स्थिरावला असता आणि लंडनचे पुढे पाहू म्हणाला असता. बाबासाहेबांनी पगारातून काटकसरीने पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि मित्राचे कर्ज घेतले आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठले. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात सकाळी बसायचे ते बंद होईपर्यंत उठायचे नाही, अर्धपोटी राहायचे आणि रात्री पुन्हा वाचायला बसायचे, हा त्यांचा क्रम होता. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध परीक्षकांना खटकला, तो पुन्हा लिहावा लागला. त्या वेळी ते मुंबईत परतले होते, हाती पैसा नव्हता, वकिलीची घडी बसायची होती. तरीही १९२३ मध्येच त्यांनी तो सुधारून पाठवला आणि डी.एस्सी. मिळवली.

राज्यघटनेच्या कामात तर ही वृत्ती साऱ्या देशाने पाहिली. २९ ऑगस्ट १९४७ रोजी सात जणांची मसुदा समिती नेमली गेली. घटना सल्लागार बी. एन. राव यांचा प्राथमिक मसुदा समितीपुढे होता; पण समितीतील कुणी राजीनामा दिला, कुणाचे निधन झाले, कुणी दिल्लीपासून दूर राहिले. टी. टी. कृष्णमाचारी यांनी नोव्हेंबर १९४८ मध्ये घटना समितीतच हे सांगून टाकले की प्रत्यक्षात सारा भार डॉ. आंबेडकरांवर पडला. मधुमेहाने शरीर पोखरत होते, पाय दुखत होते. मसुद्याला ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. त्यांना उत्तरे देत २६ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना मंजूर करून घेतली गेली.

आता दुसरी बाजू पाहू. कायदेमंत्री म्हणून बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल हाती घेतले. एकपत्नीत्व, घटस्फोटाचा हक्क, मुलीला मालमत्तेत वाटा या गोष्टी त्यात होत्या. विरोध प्रचंड होता. १० ऑगस्ट १९५१ रोजी त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले. प्रकृती ढासळली आहे, डॉक्टरांच्या हवाली होण्यापूर्वी हे बिल पार पडावे, म्हणून अधिवेशनात त्याला अग्रक्रम द्यावा, असा त्याचा आशय होता. नेहरूंनी सबुरीचा सल्ला दिला. सप्टेंबरमध्ये बिल चर्चेला आले, जेमतेम चार कलमे संमत झाली आणि ते बाजूला ठेवले गेले. निवडणूक जवळ आली होती ना! बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले.

टाळलेल्या कामाची किंमत कोणी मोजली? विवाहाचा कायदा १९५५ मध्ये आणि वारसाहक्काचा १९५६ मध्ये तुकड्यातुकड्याने आला. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखा जन्मसिद्ध हक्क केंद्राच्या कायद्याने मिळायला २००५ साल उजाडले. मधल्या काळात किती बहिणी रिकाम्या हाताने माहेराहून परतल्या असतील! सत्ताधाऱ्यांनी काम पुढे ढकलले. त्याचा भुर्दंड ज्यांच्या हाती सत्ता नव्हती त्यांनी भरला. चालढकल हा केवळ एकट्या माणसाचा आळस नसतो, हे आम्हाला इथे सांगायचे आहे.

आणि वेळ तर बाबासाहेबांनाही पुरला नाही. अखेरच्या वर्षांत दृष्टी मंदावली होती, उभे राहताना आधार लागत होता. लिहायचे ग्रंथ अनेक होते. त्यांतून त्यांनी बुद्ध आणि त्यांचा धम्म यावरचा ग्रंथ पुढे घेतला आणि तडीस नेला. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्रीही दिल्लीच्या अलिपूर रोडवरील घरी त्याच्या प्रस्तावनेचे कागद त्यांनी मागवून घेतले होते. ६ तारखेची सकाळ त्यांनी पाहिली नाही. तो ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. प्राचीन भारतातील क्रांती आणि प्रतिक्रांतीवरचे लेखन मात्र अपुरे राहिले, ते १९८७ मध्ये महाराष्ट्र शासनाने हस्तलिखितांवरून छापले.

अशा माणसाचे अनुयायी म्हणवणाऱ्यांनी निदान एक करावे. येत्या बैठकीत अभ्यासिकेचा विषय पहिला घ्यावा. जागा कोणती, चावी कुणाकडे, दिव्याचे बिल कोण भरणार, हे ठरल्याशिवाय मंडपाकडे वळू नये. घरीही उठल्याबरोबर जे काम नकोसे वाटते, तेच आधी हाती घ्यावे. मिरवणूक तर निघेलच, ती कधी राहिली आहे? राहते ती अभ्यासिका.

जय भीम!