मोटारीचा हिशेब मांडणारे दिवाण

काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी आपल्या घरच्या मोठ्या माणसांनी नक्कीच पाहिली असेल. ती आपल्या उपनगरातल्या कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होत असे. पण कुर्ल्यात मोटारी बनू लागण्याच्या कितीतरी आधी एका वृद्ध इंजिनिअरांनी मुंबईतल्या मोटार कारखान्याचा हिशेब कागदावर मांडला होता. त्यांचे नाव सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या.

त्यांचा जन्म १८६१ साली म्हैसूर संस्थानातल्या मुद्देनहळ्ळी गावी झाला. वडील लवकर वारले. बंगलोरला दुसऱ्यांच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन ते स्वतः शिकले. मग शिष्यवृत्ती मिळाली आणि ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात आले. १८८३ साली इंजिनिअरिंगच्या परीक्षेत पहिला नंबर! पुढच्याच वर्षी मुंबई सरकारची नोकरी लागली. नाशिक, धुळे, पुणे अशा बदल्या झाल्या. म्हणजे माणूस कानडी, पण उमेदीची वर्षे आपल्या मुलखात गेली.

खडकवासल्याला एक अडचण होती. धरणाची भिंत न वाढवता जास्त पाणी साठवायचे कसे? त्यांनी १९०३ साली सांडव्यावर लोखंडी दारे बसवली. पाणी ठरलेल्या खुणेच्या वर चढले की दारे आपोआप उघडायची, पूर ओसरला की आपोआप मिटायची. भर पावसात, रात्री-अपरात्री कुणी धावत जायला नको. आमच्या वर्गाला ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडली.

१९०९ साली ते म्हैसूरला मुख्य इंजिनिअर झाले आणि १९१२ साली दिवाण, म्हणजे संस्थानचे मुख्य मंत्रीच म्हणा ना. कृष्णराजसागर धरण, म्हैसूरचे विद्यापीठ, भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना, ही सगळी कामे त्यांच्या हातची. पण मागासलेल्या जातींना सरकारी नोकऱ्यांत जागा राखून ठेवाव्यात की नाही, यावरून महाराजांशी मतभेद झाले आणि १९१८ साली त्यांनी दिवाणपद सोडले. त्यांना वाटे, फक्त गुणच पाहावेत. पण ज्यांना शाळेची पायरीच चढू दिली नाही, त्यांचे गुण दिसणार कुठून? आपल्या शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०२ सालीच अशा जागा ठेवल्या होत्या. इथे मला म्हैसूरच्या महाराजांचे म्हणणे पटते.

घरी बसले ते विश्वेश्वरय्या कसले! १९३५ साली, सत्तरी उलटून गेल्यावर, ते युरोप-अमेरिकेला जाऊन मोटारींचे कारखाने पाहून आले. परत येऊन मुंबईत कारखाना काढण्याची योजना लिहिली. १९३७ साली आलेल्या बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाला ती पसंत होती. पण १९३९ साली महायुद्ध सुरू झाले, मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, आणि इंग्रज सरकारने काही मदत केली नाही.

शेवटी सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर कंपनी काढली आणि कुर्ल्याला कारखाना उभा राहिला. विश्वेश्वरय्यांना १९५५ साली भारतरत्न मिळाले. वयाची शंभरी ओलांडून १९६२ साली ते वारले. पद्मिनीची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेली.